वाडा नेमका कुणाचा? पेठेतल्या जुन्या वाड्याचा आणि त्याच्या धन्यांचा इतिहास कसा काढावा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सदाशिव पेठेत तुमच्या आजोळचा दोन चौकी वाडा आहे, तो पाडून तिथे इमारत व्हायची आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की पूर्वज पेशव्यांच्या पदरी सरदार होते आणि "१७६० च्या सुमारास पेशव्यांनी हा वाडा इनाम दिला". तुमच्याकडे एका मोडी कागदाची झेरॉक्स आहे, छापील कुलवृत्तांत आहे आणि प्रॉपर्टी कार्ड आहे. वाडा कधीचा, तो मुळात कुणाचा, मधल्या काळात कुणाकुणाच्या हातून गेला, हे पुराव्यानिशी कसं लिहायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

अडचण अशी की या एका प्रश्नात तीन वेगळे इतिहास आहेत: जागेचा, इमारतीचा आणि घराण्याचा. घरच्या गोष्टीत ते एकजीव झालेले असतात, कागदांत मात्र तिघांची दप्तरं वेगळी. जागेची नोंद महसूल आणि भूमापनाकडे, इमारतीची साक्ष स्वतः इमारतीत आणि नगरपालिकेच्या कागदांत, घराण्याची सनदा, वंशावळी आणि खटल्यांत. हे तिन्ही आधी सुटे सुटे लिहावेत आणि नंतर जिथे पुरावा मिळेल तिथेच जोडावेत. बहुतेक घराण्यांचे लेख फसतात ते इथेच. "आमचे पूर्वज १७६० मध्ये सरदार होते" आणि "आमचा वाडा सदाशिव पेठेत आहे" ही दोन्ही वाक्यं खरी असली, तरी त्यावरून वाडा १७६० चा ठरत नाही. तुमच्या बाबतीत तर पहिली शंका इथेच येते. सदाशिव पेठ थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७६९ च्या सुमारास वसली. त्याआधी तिथे घरं नव्हतीच असं नाही, पण १७६० ही तारीख मांडायची तर त्याला कागद लागेल, आजीचं सांगणं पुरणार नाही.

वाड्याला ज्यांचं नाव तेच त्याचे धनी, हेही गृहीत धरू नका. पुण्यात याची उदाहरणं पावलापावलावर आहेत. केसरी वाडा हा मुळात गायकवाडांचा वाडा, टिळकांनी तो १९०५ साली विकत घेतला. फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये सुरू झालं ते शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात, म्हणून काही तो कॉलेजचा झाला नाही. विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावासाठी बांधला, १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, मे १८७९ मध्ये आगीत त्याचा बराच भाग गेला, आणि पुढे तिथून नगरपालिकेचा कारभार चालला. वापरणारा, राहणारा, नाव देणारा आणि मालक अशी ही चार वेगळी माणसं असू शकतात. जुन्या कागदात "अमक्यांचे वाड्यात" असा उल्लेख दिसला की ती मालकीची नोंद समजू नये. बऱ्याचदा तो नुसता पत्ता असतो.

किती मागे जाता येईल हे परिस्थितीवर आहे, आणि ते सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात तळमजल्यावरची कागदपत्रं वाहून गेली. कुणाच्या घरी त्याआधीच रद्दीवाल्याने हात मारलेला असतो. उलट ज्या घराण्यात भाऊबंदकी जोरात होती, त्यांचा इतिहास लिहायला सोपा जातो, कारण प्रत्येक वाटणीच्या दाव्यात कुणीतरी जुने कागद नकलून हजर केलेले असतात. गुण्यागोविंदाने नांदलेल्या घराण्यांचं दप्तर मात्र कोरडं!

आजपासून मागे चला

पेशवाईपासून सुरुवात करण्याचा मोह आवरा. शोध आजच्या तारखेपासून उलटा न्यायचा, एकेक मालक ओलांडत. मधे एक कडी सुटली तर सुटली म्हणून लिहायचं, पण उडी मारायची नाही.

तुमच्या हातातलं प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मिळकत पत्रिका, नीट वाचा. वर नगर भूमापन क्रमांक, शीट नंबर, क्षेत्र, सत्ताप्रकार. खाली "हक्काचा मूळ धारक", "पट्टेदार", "इतर भार", "इतर शेरे". त्याखाली तक्ता: दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक, साक्षांकन. सगळ्यात जास्त घोळ होतो तो "मूळ धारक" या रकान्यावर. तिथलं नाव वाडा बांधणाऱ्याचं नसतं. भूमापनाची चौकशी झाली त्या वेळी जो हक्कदार ठरला, त्याचं ते नाव. म्हणजे कार्ड तुम्हाला विसाव्या शतकापर्यंत नेतं, त्यामागे नाही.

मागे नेणारा कागद वेगळा आहे: चौकशी नोंदवही. नगर भूमापन कार्यालयात अर्ज देऊन तुमच्या क्रमांकाच्या नोंदीची नक्कल मागा, सोबत त्या वेळच्या शीटच्या नकाशाचीही. चौकशी अधिकाऱ्याने तिथे हक्काचा आधार लिहिलेला असतो. "वडिलोपार्जित" एवढंच असेल तर काम वाढलं. पण "अमुक साली खरेदी", "वाटणीत आले", "सनद हजर केली" असं काही असेल, तर पुढचं दप्तर कुठलं ते आपोआप कळतं. क्रमांक पुढे फुटला आहे का तेही तपासा. क्रमांकाला अ, ब किंवा तिरकी रेघ मारून आकडा लागला असेल, तर मूळ वाडा आजच्या मिळकतीहून मोठा होता, आणि शेजारचं तिमजली घर हे कदाचित तुमच्याच वाड्याचा तिसरा चौक असेल. शेजारच्या चार क्रमांकांची कार्डंही काढा. नकला डिजिटल मिळतात, पण ऑनलाइन प्रतीत जुने शेरे कधी अर्धवट उतरलेले असतात, म्हणून हस्तलिखित कार्डाची नक्कल मागून घ्या.

पुढची पायरी दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदणीच्या, कार्यालयातली. दस्तांच्या दोन सूची असतात. इंडेक्स १ माणसांच्या नावांवर आणि इंडेक्स २ मिळकतीवर. लोक फक्त इंडेक्स २ बघतात आणि काही सापडलं नाही म्हणून परत येतात. जुन्या काळी मिळकतीचं वर्णन घर नंबर, पेठ आणि चतुःसीमा (चारी बाजूंना काय आहे) असं असायचं. नगर भूमापन क्रमांक तेव्हा लागलेलाच नव्हता, तर सापडणार कसा? म्हणून इंडेक्स १ मध्ये धारकांच्या नावाने शोधा, आणि नाव तीन-चार तऱ्हांनी लावून बघा: आडनाव, वडिलांचं नाव, "सरदार" किंवा "श्रीमंत" लावून. ऑनलाइन शोध अलीकडच्या दशकांपुरताच, त्यामागे पुस्तकं उलटावीच लागतात. वकिलाकडून घेतलेला सर्च रिपोर्ट साधारण तीस वर्षांचा असतो. व्यवहाराला तो पुरतो, इतिहासाला नाही.

दस्तांत खरेदीखतापेक्षा गहाणखत मला जास्त कामाचं वाटतं. पैसे देणारा सावकार कसून चौकशी करायचा. ही मिळकत तुझ्याकडे कशी आली, वडिलांकडे कशी आली, कुणाचा हिस्सा आहे, आधीचं कर्ज आहे का, हे सगळं गहाणखताच्या सुरुवातीला लिहून घ्यायचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर सरदार घराण्यांचं उत्पन्न आटलं, खर्चाच्या सवयी राहिल्या, आणि वाडे एकामागून एक गहाण पडले. गहाण सुटलं नाही तर मालक बदलला. घरात मात्र ही गोष्ट सांगत नाहीत, "वाडा भाड्याने दिला होता" असं सांगतात.

सरदार घराणं असेल तर आणखी एक दप्तर बघावं लागतं. १८२७ च्या २९ व्या रेग्युलेशनने दख्खनच्या सरदारांसाठी वेगळी व्यवस्था केली. त्यांच्यावरचे दिवाणी दावे नेहमीच्या कोर्टात न जाता सरकारने नेमलेल्या "सरदारांच्या एजंटा"पुढे चालत, आणि सरदारांचे पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग ठरलेले होते. तुमच्या पूर्वजांचं नाव या यादीत कुठल्या वर्गात आहे, की नाहीच, हे एका बैठकीत कळण्यासारखं आहे. नाव नसेल तर "सरदार" हा शब्द लेखात जपून वापरा. पेशवाईत पागेवरचे, शिलेदार, कारकून, दिवाण, सावकार अशा अनेकांनी भरभक्कम वाडे बांधले. सरदार नसणं ही काही कमीपणाची गोष्ट नाही.

दत्तक आणि आडनाव या दोन जागी शोध हमखास तुटतो. दत्तक मुलाचं जन्मनाव वेगळं, दत्तक नाव वेगळं, आणि दोन्ही नावांनी कागद सापडतात. एकच माणूस वंशावळीत दोनदा बसतो तो यामुळे. आडनावाचं तर विचारूच नका. रास्ते मूळचे गोखले, विंचूरकर मूळचे दाणी, नाना फडणीस मूळचे भानू. हुद्द्यावरून किंवा गावावरून पडलेलं आडनाव पक्कं व्हायला एक-दोन पिढ्या गेल्या, आणि त्या मधल्या काळात एकच भाऊ एका कागदात जुन्या, दुसऱ्या कागदात नव्या नावाने येतो. सूचीत दोन्ही नावं धरा. कुलवृत्तांत इथे उपयोगी पडतो, पण फक्त नात्यांसाठी. त्यातली सनावळी बहुधा विसाव्या शतकात कुणीतरी आठवणीवरून भरलेली असते. नात्यांची पडताळणी नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवरून होते. तिथे यात्रेकरूने स्वतःच्या हाताने किंवा समक्ष बाप, आजा, भाऊ, मुलं यांची नावं लिहिलेली असतात, आणि तिथे फुशारकी मारून काही मिळायचं नसतं.

तुमचा मोडी कागद

आता मुख्य गोष्ट. झेरॉक्सवर विसंबू नका, मूळ कागद कुणाकडे आहे ते शोधा. शिक्का, कागदाची जात, पाठीमागची नोंद आणि जोड झेरॉक्सवर कळत नाहीत. मोडी जाणणाऱ्याकडून आधी अक्षरशः लिप्यंतर करून घ्या, अर्थ नंतर. वाचणाऱ्याला घराण्याची कथा आधी सांगू नका, नाहीतर त्यालाही कागदात तेच दिसायला लागतं.

तारखेचं गणित समजून घ्या, कारण निम्म्या चुका इथल्या. पेशवाईतल्या कागदात बहुधा सुहूर सन (अरबी अंकशब्दांत लिहिलेली तेव्हाची कालगणना) आणि चांद्र मुसलमानी महिना असतो. समजा ओळ अशी आहे: "छ २० जिल्हेज, सुहूर सन इहिदे सबैन मया व अलफ". छ म्हणजे चंद्र, महिन्याची तारीख. इहिदे १, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, मिळून ११७१. सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. जून ते डिसेंबरमधला दिवस असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे मधला असेल तर ६००. घाईने ५९९ मिळवून लोक १७७० लिहून मोकळे होतात. पण त्या वर्षी जिल्हेज महिना मार्च-एप्रिलमध्ये येतो, म्हणून खरी तारीख एप्रिल १७७१ च्या पहिल्या आठवड्यातली. नेमका दिवस हवा तर मोडकांची जंत्री, म्हणजे जुन्या-नव्या तारखा ताडायचे तक्ते, काढून बसावं लागतं.

अंकांचे शब्द वाचतानाही घसरायला होतं. सबा म्हणजे ७ आणि सबैन ७०. सीत ६ आणि सितैन ६०. समान ८ आणि समानीन ८०. मोडीत घाईने लिहिलेलं सबैन आणि तिसैन, म्हणजे ९०, यांत गफलत झाली की कागद वीस वर्षं पुढे सरकतो, माधवरावांचा कागद सवाई माधवरावांचा होतो. फसली (महसुली) सन असेल तर तो सुहूरपेक्षा ९ ने जास्त: ११७१ सुहूर म्हणजे ११८० फसली. शक असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. शकासोबत संवत्सराचं नाव असेल तर ते जरूर ताडून पाहा. शके १६९२ विकृति, १६९३ खर. शक आणि संवत्सर जुळत नसेल तर एक तर वाचन चुकलं आहे, नाहीतर नक्कल करणारा चुकला आहे, नाहीतर कागद नंतर कुणीतरी "तयार" केला आहे.

खऱ्या-खोट्याची आणखी एक सोपी परीक्षा शिक्क्यात आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात छत्रपतींचं नाव असतं. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला वारले, त्यानंतर रामराजे, म्हणजेच राजाराम, गादीवर आले. माधवरावांच्या शिक्क्यात "राजाराम नरपति हर्षनिधान" असं येतं ते त्यामुळे. १७४५ ची म्हणून दाखवलेली सनद आणि तिच्यावर राजारामांचं नाव, असं दिसलं की पुढे वाचायची गरज नाही. रामराजे १७७७ मध्ये गेले, पुढच्या शिक्क्यांत पुन्हा शाहू, तो दुसरा. माधवराव स्वतः १८ नोव्हेंबर १७७२ ला वारले, म्हणून त्यांच्या नावची सनद त्यानंतरची असू शकत नाही.

मग कागद नेमकं काय देतो ते बघा. "इनाम" म्हटलं की घरचे लोक वाडा समजतात, पण बहुतेक सनदांत गाव, जमीन किंवा रोख नेमणूक असते. शहरातल्या वाड्यासाठी जास्त करून "घर बांधावयास जागा" दिल्याचा मजकूर मिळतो. म्हणजे जागा सरकारची, बांधकाम स्वतःच्या पैशाने. तुमच्या कागदात जागा आहे की बांधलेला वाडा, हा शब्द फार महत्त्वाचा, कारण बांधलेला वाडा दिला असेल तर तुमच्या पूर्वजांआधी तिथे आणखी एक मालक होता, आणि तो कोण हा पुढचा शोध. सरंजाम हा वेगळाच विषय. तो फौजेच्या खर्चासाठी दिलेला महसूल, चाकरीशी बांधलेला आणि तत्त्वतः परत घेता येणारा. सरंजाम जप्त झाला म्हणजे वाडा गेला असं नाही, आणि वाडा राहिला म्हणजे सरंजाम चालू होता असंही नाही. दोन्ही गोष्टी उलट गृहीत धरलेले लेख मी पुष्कळ वाचतो.

कागदात चतुःसीमा असेल तर तुमचं नशीब थोर. "पूर्वेस रस्ता, दक्षिणेस जोशी यांचे घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस अमुक यांचा वाडा, लांबी इतके हात, रुंदी इतके हात" असं वर्णन शीटच्या नकाशावर बसवून बघा. हात साधारण दीड फुटाचा धरता येतो, गज मात्र सगळीकडे एक नव्हता. म्हणून थेट फुटांत रूपांतर करून अडून बसण्यापेक्षा लांबी-रुंदीचं प्रमाण ताडा. ६० बाय ४० हात आणि नकाशावर ९२ बाय ६१ फूट, तर जुळतं. शेजाऱ्यांच्या चतुःसीमेत तुमच्या पूर्वजांचं नाव आहे का हेही बघा. स्वतःच्या कागदात माणूस स्वतःला काहीही म्हणवून घेईल, शेजाऱ्याच्या कागदात तो आहे तसा दिसतो.

पेशवे दप्तर आणि इनाम कमिशन

कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात, ज्याला सगळे पेशवे दप्तर म्हणतात, मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. तिथे जाऊन "आमच्या घराण्याचं काय आहे?" असं विचारलं तर कुणी काही देऊ शकणार नाही. दप्तर घराण्यांनुसार लावलेलं नाही, कारभाराच्या शाखांनुसार लावलेलं आहे: रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी, पागा, पथकं वगैरे. पूर्वज पागेवर असतील तर पागेचे रुमाल, जमिनीचा प्रश्न असेल तर त्या प्रांताचे. सन पक्का असेल तर त्या वर्षाची रोजकीर्द. म्हणून तारखेचं गणित आधी. शहरातल्या घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद कोतवालीत होत असे, तेव्हा पुण्याच्या कोतवालीचे कागदही मागा. पेठांची जुनी नावं जवळ ठेवा: सोमवार म्हणजे शहापूर, शनिवार मुर्तुजाबाद, शुक्रवार विसापूर, नाना पेठ हनुमान पेठ, रास्ता पेठ शिवपुरी. नव्या नावाने शोधून जुना कागद निसटतो.

परवानगीच्या अर्जात विषय आणि काळ शक्य तितका नेमका लिहा. "वाड्याचा इतिहास" असं लिहाल तर अर्ज घेणाऱ्यालाही काय काढून द्यावं ते कळणार नाही. "सदाशिव पेठेतील घरजागेची देणगी, सुहूर ११७० ते ११७३" असं लिहिलं की काम हलतं.

इंग्रजी अमलातल्या इनाम कमिशनचे कागद वाचायला सोपे, विश्वास ठेवायला अवघड. १८५२ च्या ११ व्या कायद्याने कमिशनला हक्क तपासायचे अधिकार मिळाले, आणि इनामदारांनी आपापल्या कैफियती दिल्या. कैफियत म्हणजे पक्षकाराचं म्हणणं. त्यात आपला हक्क शक्य तितका जुना आणि शक्य तितका वंशपरंपरेचा दाखवायची प्रत्येकाला गरज होती. तुमच्या घरातली "पेशव्यांनी दिला" ही गोष्ट अशाच एखाद्या कैफियतीतून आली असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून कैफियत वाचा, पण तिच्याखालचा निकाल आणि सोबत हजर केलेल्या सनदांच्या नकला जास्त लक्ष देऊन वाचा. पुढे १८६३ च्या कायद्याने ठरावीक सारा घेऊन इनामं कायम करायची सोय झाली, आणि १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामं संपली. त्या त्या वेळचे आदेश घराण्याच्या फाइलमध्ये सापडतात आणि त्यात वारसांची नावं अधिकृतपणे येतात.

सदाशिव पेठेतच भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं. अनेक घराण्यांनी आपली दप्तरं तिथे दिली आहेत. तुमच्याच घराण्याचं नसलं तरी व्याह्यांचं, सावकाराचं किंवा शेजाऱ्याचं असू शकतं, आणि तुमच्या वाड्याचा उल्लेख तिथे निघू शकतो.

इमारत काय सांगते

कागद पुढच्या वर्षीही राहतील, वाडा राहणार नाही. म्हणून क्रमाने हे शेवटी लिहीत असलो तरी काम आधी हेच करा.

वाडा एका दमात बांधलेला क्वचितच असतो. पुढचा चौक एका काळचा, मागचा दुसऱ्या, वरचा मजला तिसऱ्या. दगडी जोतं, पातळ वीट, चुना, सुरूच्या झाडाच्या आकाराचे सागवानी खांब, महिरप, गणेशपट्टी हे पेशवाई वळण आहे, पण हे वळण १८१८ ला संपलं नाही, त्यानंतरही सुतार तसंच काम करत राहिले. त्यामुळे "पेशवाई पद्धतीचा वाडा" आणि "पेशवाईतला वाडा" यांत फरक करा. कालखंड पक्का करायला जुन्यापेक्षा नवं सामान उपयोगी पडतं, कारण त्याची सुरुवात माहीत असते. मंगळुरी कौलांचा कारखाना बाझेल मिशनने १८६५ मध्ये काढला, म्हणून त्या कौलांचं छप्पर त्याआधीचं नाही. रेल्वे पुण्याला १८५८ मध्ये आली, शहाबादी फरशी आणि विलायती गर्डर त्यानंतर सर्रास दिसू लागतात. गर्डरच्या मधल्या पट्टीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं: डॉर्मन लाँग असेल तर विलायती, टाटा असेल तर १९१२ नंतरचा. रंगाचे थर तारेच्या ब्रशने खरडून हे नाव वाचून घ्या आणि फोटो काढा. १९६१ च्या पुरानंतर खालच्या मजल्याच्या भिंती बदलल्या असतील तर वीट आणि सिमेंट लगेच वेगळं दिसतं. तो काळ भाडेकरूंचा आणि गोठलेल्या भाड्याचा, त्यामुळे डागडुजी जेमतेमच असते.

लाकडाबाबत एक इशारा. पाडलेल्या वाड्याचा सागवान पुण्यात कधीच वाया गेला नाही, दुसऱ्या वाड्यात बसला. खांबावर, तुळईवर ज्या जागी आता काहीही अडकलेलं नाही अशा रिकाम्या खाचा दिसल्या, किंवा नक्षी मधेच कापलेली दिसली, तर ते लाकूड दुसरीकडून आलं आहे. त्याच्या वयावरून वाड्याचं वय काढायचं नाही.

पाडण्याआधी एवढं तरी करून घ्या: प्रत्येक मजल्याचा मापासह आराखडा, खणांच्या (दोन खांबांमधल्या गाळ्यांच्या) संख्येसह. जुन्या जमाखर्चात इमारत खणांनीच मोजलेली असते, त्यामुळे पुढे "सात खणी सोपा" (ओसरी) असा उल्लेख आला की कुठला ते ओळखू येईल. चौकातल्या आडाचे आणि हौदाचे, आत उतरलेल्या खापरी नळाचे फोटो. कात्रजच्या नळाचं पाणी येत होतं का ते यावरून आणि जवळपासच्या उच्छ्वासांवरून (नळावरच्या हवेच्या मनोऱ्यांवरून) पाहता येतं. दिंडी दरवाजा, चौकटीवरची पट्टी, देवघराचे कोनाडे, तुळयांच्या बाजू यांवर बाजूने तिरका उजेड टाकून फोटो घ्या, खोदलेलं किंवा गेरूने लिहिलेलं अक्षर समोरच्या उजेडात दिसत नाही. फोटोत मोजपट्टी ठेवा, फाइलच्या नावात मजला आणि दिशा लिहा. पाडताना ठेकेदाराला सांगून ठेवा की माळ्यावर, भिंतीतल्या कोनाड्यात किंवा फडताळामागे बांधलेला रुमाल सापडला तर तो उघडू नये. ओलसर मोडी कागद घाईने उलगडला की घडीवर फाटतो. पंख्याखाली, सावलीत, घडीसकट सुकू द्यायचा.

वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, असला तर कुठल्या श्रेणीत, हेही आत्ताच पाहा. असेल तर परवानगीच्या फाइलमध्ये जुनी टिपणं आणि आराखडे आयते मिळतात.

लिहिताना

प्रत्येक मालकापुढे एक खूण ठेवा: दस्त पाहिला, नक्कल पाहिली, दुसऱ्याच्या कागदात उल्लेख, की नुसतं घरचं सांगणं. चारही प्रकार लेखात येऊ द्या, फक्त एकाच सुरात लिहू नका. १८१८ ते पहिल्या नोंदणीकृत दस्तापर्यंतचा काळ बहुधा रिकामा राहील. तो रिकामा ठेवा आणि तसं लिहा. आणि हा लेख म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे भावकीत वाटण्याआधी पहिल्याच पानावर टाका, नाहीतर एखादा चुलतभाऊ तो वकिलाकडे घेऊन जाईल.

पुढे विचाराल तेव्हा चौकशी नोंदवहीतला हक्काचा आधार, कार्डावरचं सगळ्यात जुनं नाव आणि त्याचं साल, आणि मोडी कागदातली तारखेची ओळ जशीच्या तशी लिहून पाठवा. शिक्क्याचा सरळ वरून काढलेला फोटोही जोडा. एवढं असलं की कुठला रुमाल मागायचा ते सांगता येईल.